उन्हाळी बिअर: फ्रांकेनच्या वाऱ्या, घरचा फर्मेंटर आणि तीन तारांचा सेन्सर

खटपट्या (धागाकर्ता)

फ्रांकेनमधल्या, म्हणजे जर्मनीत बायर्नच्या (बव्हेरियाच्या) उत्तरेकडच्या एर्लांगन-न्यूर्नबेर्ग-बांबेर्ग पट्ट्यातल्या मराठी मंडळींत घरी बिअर करणारे आता बरेच झालेत, आणि दर जूनमध्ये तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकच धागा. घरची बिअर, तिच्यावर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स आणि तयार बिअर घेऊन (किंवा दुसऱ्याची प्यायला) बाहेर पडणं, तिन्ही इथेच चालेल.

इथल्या घरांना एसी नाही. छपराखालच्या फ्लॅटमध्ये जुलैत खोली २८-३० °से. जाते. बहुतेक एल यीस्टना (साध्या तापमानाला बिअर आंबवणारी यीस्ट) १८-२० लागतं. तापमान वर गेलं की यीस्ट जड अल्कोहोलं तयार करतं, बिअर नेलपॉलिश रिमूव्हरसारखी वास मारते आणि ती नंतर कितीही ठेवली तरी सुधारत नाही. उन्हाळ्यात पहिला खर्च यंत्रावर नको, तापमानावर करा.

२० लिटरची मूळ कृती, इथल्या २९ लिटरच्या आइनकोखरमध्ये (विजेवर तापणारं मोठं भांडं) बसणारी:

पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) २ किलो, गव्हाचा माल्ट २ किलो. बांबेर्गच्या वायरमानचा माल्ट सगळीकडे मिळतो, दळून मागवा. पाणी २२ लिटर, ६९ °से. पर्यंत तापवा. १८०० वॅटच्या भांड्याला पाऊण ते एक तास लागतो. भांड्यात सोडलेल्या जाळीच्या पिशवीत माल्ट टाकला की तापमान ६६ वर येतं. गुठळ्या फोडा, झाकण लावा, भांड्याला जुनी रजई गुंडाळा, ६० मिनिटं. पिशवी उचलून चाळणीवर ठेवा आणि ७५ °से. चं ६ लिटर पाणी हळूहळू ओता. भांड्यात साधारण २५ लिटर उतरतं. सगळं २८ लिटर पाणी सुरुवातीलाच घातलं तर ४ किलो दाणे आत गेल्यावर भांडं ओसंडतं, म्हणून हे दोन हप्ते.

उकळी ६० मिनिटं. सुरुवातीला २५ ग्रॅम श्पाल्टर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), कडवटपणा १२-१३ आयबीयू (कडवटपणाचं एकक). पहिल्या दहा मिनिटांत भांड्यापासून हलू नका, फेस दुधासारखा वर येतो. आइनकोखरची उकळी मुळात मंद असते; झाकण अर्धं ठेवलं तर जोर येतो, पण पूर्ण बंद करू नका, नाहीतर डीएमएस (माल्टमधलं गंधकाचं संयुग) आतच राहतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

शेवटी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर किती ते सांगणारी) १.०४४ च्या आसपास, फर्मेंटेशननंतर, म्हणजे आंबून झाल्यावर, १.०१०, म्हणजे साडेचार टक्के अल्कोहोल. फ्रांकेनचं पाणी बऱ्याच ठिकाणी कडक आहे. इतक्या फिकट माल्टला पीएच वर राहतो, म्हणून एकूण माल्टच्या ३ टक्के, म्हणजे १२० ग्रॅम, झाउअरमाल्ट (आंबट केलेला माल्ट) घाला. एका टक्क्याला पीएच साधारण ०.१ ने उतरतो. लक्ष्य ५.३ ते ५.५.

यीस्ट कोणतं, यावर खाली वाद होणारच आहे. होऊ दे.

तळटीप

वादाआधी कायदा. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून घरगुती वापरासाठी वर्षाला ५ हेक्टोलिटर, म्हणजे ५०० लिटर, बिअर करमुक्त आहे. आधी ही मर्यादा २०० लिटर होती. बिअर विकायची नाही, आणि काम सुरू करण्याआधी आपल्या भागातल्या हाउप्टत्सोलआम्टला, म्हणजे मुख्य कस्टम्स कार्यालयाला, जागा आणि अंदाजे प्रमाण कळवायचं. कळवणं फुकट आहे. २० लिटरचे २५ घाणे होईपर्यंत कर नाही.

सोसायटीच्या जत्रेत "ऐच्छिक देणगी" घेऊन ग्लास भरून देणं म्हणजे विक्रीच. ती पळवाट सुचवू नये.

केगवाला

यीस्टबद्दल माझं मत सरळ आहे: फ्रिज नसेल तर क्वाइक. व्हॉस क्वाइक हे नॉर्वेच्या शेतघरांतलं यीस्ट, ३५-४० °से. ला सुखात काम करतं आणि तिथे त्याला हलकी संत्र्याची चव येते. ११ ग्रॅमचं पाकीट २० लिटरला पुरतं. उन्हाळ्यात आणखी एक फायदा म्हणजे वर्ट (माल्टचं उकळलेलं, अजून न आंबलेलं गोड पाणी) थंड करण्याची कटकट अर्धी होते. नळाचं पाणीच २० ला आलं की तांब्याच्या कॉइलने वर्ट २३-२४ च्या खाली आणायला बर्फ लागतो. क्वाइकसाठी ३५ ला थांबलं तरी चालतं.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे हलक्या वर्टमध्ये क्वाइकला खाणं कमी पडतं, १.०५० च्या खाली असाल तर यीस्ट न्यूट्रिएंट पाकिटावरच्या प्रमाणात घालाच, नाहीतर १.०१८ ला बसून राहतं. दुसरं, "गरम चालतं" म्हणून २४ ला ठेवतात. २४ ला ते चालतं, पण रेंगाळतं. ३५ ला सुरू करून रात्री खोली २२ वर उतरली तर मध्येच झोपतं. फर्मेंटरला रजई गुंडाळा. उन्हाळ्यात रजई, हो.

रेझिस्टर_४७००

क्वाइकच्या प्रत्येक बिअरला संत्री किती दिवस प्यायची? ज्यांना स्वच्छ चवीची बिअर हवी त्यांना तापमान नियंत्रण लागणारच. आणि ते वाटतं तितकं महाग नाही.

आधी हिशोब. वर दिलेल्या कृतीत साधारण १.४ किलो साखर आंबते. त्यातून सगळी मिळून सुमारे ८५० किलोज्यूल उष्णता निघते, तीही बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. दीड लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली वितळताना ५०० किलोज्यूल शोषते. म्हणजे यीस्टची एकूण उष्णता दोन बाटल्यांतही मावते. बाकीचं सगळं भांडण खोलीशी आहे. म्हणून बर्फाच्या बाटल्यांवर पैसे आणि श्रम घालण्याआधी फर्मेंटर झाका: टबात पाणी, त्यात फर्मेंटर, वरून ओला टीशर्ट, बाजूला कॅम्पिंगची फोमची चटई. उघड्या टबापेक्षा चटई गुंडाळलेल्या टबाला बर्फ कितीतरी कमी लागतो. ३० च्या खोलीत तरीही सकाळी एक आणि रात्री एक बाटली बदलावी लागेल. सुट्टीवर जायचं असेल तर हा मार्ग बाद.

मग जुना फ्रिज. आत फ्रीजरचा कप्पा नसलेला घ्या, नाहीतर ३० लिटरची बादली दाराशी अडते. विकत घ्यायला जाताना बादलीची उंची आणि कॉम्प्रेसरच्या पायरीपासून वरची उंची टेपने मोजा. एअरलॉकसाठी (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी नळी) वर आणखी १० सेमी धरा.

कंट्रोलर दोन प्रकारे.

तयार: इंकबर्डचा आयटीसी-३०८, एक प्लग गरम करायला, एक थंड करायला. फ्रिज थंडच्या प्लगला, २५-४० वॅटचा हीटिंग बेल्ट गरमच्या. कॉम्प्रेसर डिले निदान ५ मिनिटं ठेवा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतल्या नळ्यांतला दाब समान व्हायला वेळ लागतो. लगेच सुरू केला तर मोटर अडते, तापते, संरक्षक स्विच पडतो. महिनाभर हे चाललं की फ्रिज भंगारात.

घरचा: ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), डीएस१८बी२० तापमान सेन्सर, आणि फ्रिजसाठी वायफायचा स्मार्ट प्लग. २३० व्होल्टला हात लावू नका, म्हणून प्लग. पाच युरोच्या निळ्या रिलेवर १० अँपियर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या भारासाठी. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, रिलेचे संपर्क चिकटतात, आणि मग फ्रिज कधीच बंद होत नाही. सकाळी फर्मेंटरमध्ये बर्फ.

सेन्सरच्या तीन तारा: लाल ३.३ व्होल्ट, काळी ग्राउंड, पिवळी डेटा. काही स्वस्त सेन्सरमध्ये रंग वेगळे असतात, तपासून घ्या. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये ४.७ किलोओमचा रेझिस्टर. तो विसरला तर कधी आकडा येतो, कधी नाही, आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या देतो.

बुडबुडा

रेझिस्टरराव, माझ्या ईएसपीवर मधूनच ८५ अंश दाखवतो. बिअर उकळत नाहीये याची खात्री केली आहे.

रेझिस्टर_४७००

८५ हा त्या चिपचा जन्मजात आकडा आहे. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधी वाचलं तर ८५ येतो. बारा बिटला एका मोजमापाला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबा. मधूनच येत असेल तर सेन्सरची वीज क्षणभर तुटते आहे: ब्रेडबोर्डची ढिली तार, बहुधा. वजा १२७ आला तर मात्र सेन्सर सापडतच नाहीये, म्हणजे डेटाची तार किंवा रेझिस्टर.

कोडमध्ये दोन्ही आकडे सरळ फेकून द्या. नाहीतर ८५ वाचून कंट्रोलर फ्रिज सुरू करेल आणि वजा १२७ वाचून हीटर.

आमसूल

एक भर. नियंत्रणाचा निर्णय ईएसपीवरच व्हायला हवा. होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) ऑटोमेशन लिहून प्लग चालू-बंद करणारे बरेच दिसतात. रात्री राउटर अपडेट होऊन रीस्टार्ट झाला की प्लग ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत अडकतो. ईएसपीहोममध्ये (ईएसपीचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) थर्मोस्टॅटचा तयार घटक आहे, त्यात कूलिंग किमान किती वेळ बंद राहावं हे सेकंदांत देता येतं. ३०० द्या. किमान चालू वेळही १२० सेकंद द्या. होम असिस्टंटला फक्त आलेख काढू दे आणि निरोप पाठवू दे.

प्लग वायफायवरचा असेल तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ऑटो-ऑफ टायमर असतो. तो ३० मिनिटांवर लावा आणि ईएसपीला दर पाच मिनिटांनी "चालू" पुन्हा पाठवायला सांगा. ईएसपी मेला तर अर्ध्या तासात फ्रिज आपोआप बंद होतो.

सेन्सर कुठे लावायचा यावर कुणी बोललं नाही अजून.

रेझिस्टर_४७००

बादलीच्या बाहेरून, द्रवाच्या मध्यावर, टेपने. वरून फोमचा चौकोनी तुकडा, तळहाताएवढा. फोम नसेल तर सेन्सर फ्रिजची हवा मोजतो. हवा दोन मिनिटांत थंड होते, बिअर दोन तासांत. लक्ष्यापेक्षा ०.५ वर गेलं की चालू, लक्ष्यावर आलं की बंद. यापेक्षा घट्ट ठेवण्यात अर्थ नाही. सेन्सरची अचूकताच अर्धा अंश आहे.

केगवाला

इथे मी थोडा असहमत. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही मागची गारठलेली प्लेट थंडी सोडत राहते, त्यामुळे बिअर लक्ष्याच्या आणखी ०.५-०.८ खाली घसरते. मग हीटर सुरू होतो. मग पुन्हा फ्रिज. दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि मीटर फिरतो. गरम आणि थंड यांच्या मर्यादांत निदान १.५ अंशाचं अंतर ठेवा, किंवा उन्हाळ्यात हीटरचा प्लग काढूनच टाका.

रेझिस्टर_४७००

मान्य. जून ते ऑगस्ट हीटर काढा.

आमसूल

आता ग्रॅव्हिटी. आयस्पिंडल हा जर्मनीतच जन्मलेला ओपन सोर्स तरंगता हायड्रोमीटर (घनतामापक). प्लास्टिकच्या नळीत वेमॉस डी१ मिनी (ईएसपीचाच छोटा बोर्ड), एमपीयू-६०५० चा झुकाव सेन्सर, डीएस१८बी२०, १८६५० बॅटरी आणि टीपी४०५६ चार्जर. वर्ट दाट असताना नळी आडवी कलते, साखर संपत जाते तशी उभी होते. दर १५ मिनिटांनी (९०० सेकंद) जागा होतो, आकडा पाठवतो, झोपतो.

जुळवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

डी० पिन रीसेटला जोडावी लागते, त्याशिवाय तो झोपेतून उठत नाही. पण ती जोडलेली असताना प्रोग्रॅम भरायला त्रास देतो. आधी प्रोग्रॅम भरा, मग ती तार डागा.

साध्या पाण्यात, २० °से. ला, झुकाव २५ अंशांच्या जवळ हवा. कमी-जास्त असेल तर तळाशी वजन सरकवा. नळी स्वतःच्या अक्षाभोवती फिरत राहत असेल तर बॅटरी मध्यावर नाही.

कॅलिब्रेशन: १ लिटर पाण्यात टप्प्याटप्प्याने साखर. प्रत्येक टप्प्यावर काचेच्या हायड्रोमीटरचा आकडा आणि झुकाव लिहून घ्या. सहा-सात बिंदू, १.००० ते १.०७० पर्यंत, त्यातून तिसऱ्या घाताचं समीकरण. दोन-तीन बिंदूंवर भागवलं तर मधला भाग बरा येतो आणि शेवट, जिथे खरी गरज असते, तिथे ३-४ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) चुकतो.

हा यंत्राचा दोष नाही, पण विसरू नका: फेसाचा थर वाळून नळीला चिकटतो, हॉप्सचे तुकडे बसतात, बुडबुडे धरून राहतात. नळी वजनदार झाली की आकडा सरकतो. आलेख सपाट झाला हे कळण्यासाठी तो उत्तम. "१.०१०" वर विश्वास ठेवून बाटल्या भरण्यासाठी नाही. स्टीलच्या फर्मेंटरमधून वायफाय जवळपास बाहेर पडत नाही, त्यातही तो फ्रिजमध्ये असेल तर विषयच संपला. प्लास्टिकची बादली घ्या आणि राउटर शेजारच्या खोलीत असू द्या.

रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांना (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्यांना) एकच विनंती. अल्कोहोल आलं की त्याचा आकडा चुकतो, वर दाखवतो. दुरुस्तीचं सूत्र न लावता "फर्मेंटेशन अडकलं" म्हणून यीस्टचं दुसरं पाकीट टाकू नका.

पायवाट

तंत्रज्ञांना जरा घराबाहेर काढतो. मे ते सप्टेंबर इथे केलर उघडे असतात. डोंगराच्या पोटातल्या जुन्या तळघरांत बिअर थंड ठेवायची, वर झाडांखाली बाकं टाकायची. फोर्शहाइमच्या केलरवाल्डमध्ये असे वीसेक केलर एकाच जंगलात आहेत. स्टेशनपासून चालत जाता येतं. जुलैच्या शेवटी तिथे आनाफेस्ट असतो, तेव्हा शांतपणे बसायला मिळेल ही अपेक्षा सोडा. एर्लांगनची बेर्गकिर्शवाइ १७५५ पासूनची, पेंटेकॉस्टच्या आधीच्या गुरुवारी सुरू होऊन १२ दिवस चालते. तिथे बाहेरून मित्र येणार असतील तर पहिल्या दिवसांत आणि दुपारी न्या.

चवीचा अभ्यास करायचा असेल तर बांबेर्ग. श्लेंकेर्ला ब्रुअरीची राउखबिअर म्हणजे बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची. पहिला घोट सगळ्यांना चुलीवरचा वाटतो. अर्धा लिटर संपेपर्यंत मत देऊ नका. तिथे लाकडी पिंपातून नुसत्या गुरुत्वाने ओततात, वरून गॅस नाही. श्पेत्सिआल ब्रुअरीमध्ये धूर सौम्य आहे, आधी तिथे जा. मार्स ब्रॉयमध्ये "अ ऊ" एवढंच म्हणा: उनगेश्पुंडेट, म्हणजे दाब न धरता मुरवलेली, कमी गॅसची. घरी कार्बोनेशन किती ठेवावं यावर डोकं फोडण्याआधी ही एक प्या.

आउफ्झेस गावाचं नाव गिनेसमध्ये होतं: दीड हजार वस्तीला चार ब्रुअरी. त्यांना जोडणारी पायवाट सुमारे १४ किमी आहे. चढ फार नाही, पण सावली सलग नाही. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा, तो आदल्या दिवशी फोनवर विचारा. खिशात रोख ठेवा. परतीची बस आधी ठरवा आणि मग पहिला जायडला (अर्धा लिटर) मागवा, उलट क्रमाने नको.

हॉप्स बघायचे असतील तर श्पाल्ट. गेओर्गेन्सग्म्युंड स्टेशनवर सायकल उतरवा, तिथून पुढे सायकलरस्ता आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काढणी; ७ मीटर उंच तारांवरून वेली खाली ओढतात. गावाची ब्रुअरी गावाच्याच मालकीची आहे. धागाकर्त्याच्या कृतीतले २५ ग्रॅम इथलेच.

सायकलवाल्यांसाठी: कारला मर्यादा ०.५ पर मिल (रक्तातलं अल्कोहोल, दर हजारी), सायकलला १.६. पण तोल जाऊन अपघात झाला तर त्याच्या बऱ्याच आधी गुन्हा लागू शकतो.

बुडबुडा

शाकाहारी माणसाने केलरवर काय खायचं? आणि घरचा डबा चालतो का?

पायवाट

डबा चालतो. बायर्नच्या बिअरगार्टनमध्ये आपलं खाणं आणण्याची रीतच आहे, १९९९ च्या बिअरगार्टन नियमावलीतही ती आली आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या बाकावर बसा. टेबलक्लॉथ म्हणजे वाढपी येणार. थालीपीठ, भडंग, मिरचीचा ठेचा बिनधास्त काढा. पेय मात्र तिथलंच घ्यायचं, घरची बिअर पिशवीतून काढू नका.

विकत घ्यायचं तर ओबात्सडा (चीज, लोणी, पापरिका), ब्रेत्सन, मुळ्याच्या चकत्या. श्माल्त्सब्रोट टाळा, तो पांढरा थर डुकराच्या चरबीचा असतो. न पिणाऱ्यांना श्पेत्सी (कोला आणि संत्र्याचं पेय) किंवा बिनअल्कोहोलची वाइत्सन (गव्हाची बिअर) मागता येते.

बुडबुडा

धन्यवाद. पुढच्या महिन्यात पुण्याला परततो आहे कायमचा. हाच सेटअप तिकडे नेला तर?

तळटीप

फ्रिज-कंट्रोलर न्या, बिअर नको. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी २० लिटर अशी सवलत त्यात नाही. बिअर प्यायचं वय २१.

पुण्यात ताजी बिअर हवी तर मायक्रोब्रुअरी आहेत. डूलाली २००९ मध्ये तिथेच सुरू झाली.

आमसूल

आणि कंट्रोलर वाया जात नाही. डिसेंबरात इडलीचं पीठ ३० °से. ला आठ-दहा तास, दही ४२ ला पाच-सहा तास. थंडचा प्लग काढायचा, गरमच्या प्लगला हीटिंग बेल्ट.

आता माझी मूळ भर: धागाकर्त्याच्याच माल्टमधून कोकम गोझं. गोझं ही गोस्लार-लाइपझिगकडची आंबट, खारट, धण्याची बिअर. आपल्या जिभेला सोलकढीमुळे हे गणित परकं नाही.

मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) नेहमीसारखा. हॉप्स न घालता १० मिनिटं उकळा, ३७ °से. पर्यंत थंड करा. लॅक्टिक आम्लाने पीएच ४.५ वर आणा. त्यामुळे नको ते जंतू मागे पडतात आणि फेसही बरा टिकतो. लॅक्टोबॅसिलसचं पाकीट टाका, वर्टच्या पृष्ठभागाला चिकटून क्लिंग फिल्म लावा, २४-३६ तास ३५-३७ ला धरा. आइनकोखरचा स्वतःचा थर्मोस्टॅट इतका बारीक नसतो, इथेही बाहेरचा कंट्रोलर. हॉप्स आधी घातले तर हे जिवाणू मरगळतात, म्हणून ते नंतर.

गोझंचा पीएच बरेच जण ३.३ पर्यंत नेतात. कोकम घालायचं असेल तर ३.५-३.६ ला थांबा, उरलेलं आम्ल कोकम देतं. मग १५ मिनिटं उकळी, १५ ग्रॅम हर्सब्रुकर हॉप्स, शेवटच्या पाच मिनिटांत २० ग्रॅम धणे भरड कुटून. भारतीय लांबट धणे घ्या, त्यांना लिंबाचा वास जास्त असतो. डब्यात वर्षभर पडलेले नकोत, बिअरला सेलरीचा वास येतो.

यीस्ट व्हॉस क्वाइक किंवा यूएस-०५ (स्वच्छ चवीचं एल यीस्ट), पूर्ण पाकीट, कोमट पाण्यात भिजवून. इतक्या आम्लात कोरडं टाकलेलं यीस्ट अडखळतं.

फर्मेंटेशन संपल्यावर ८० ग्रॅम सुकी आमसुलं, १० मिनिटं वाफवून, जाळीच्या पिशवीतून, तीन दिवस. उकळू नका, रंग तपकिरी होतो. आम्लात मात्र तो लाल छान टिकतो. आगळ वापरू नका, त्यात मीठ फार. बाटलीतलं सिरपही नको. त्यात प्रिझर्वेटिव्ह असेल तर बाटलीत पुढे गॅसच तयार होत नाही.

मीठ आधी घालू नका, बाजारातली बरीचशी आमसुलं खारवलेली असतात. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. तयार बिअरच्या १०० मिलीच्या ग्लासात इंजेक्शनच्या सिरिंजने अर्धा मिली टाका: हे लिटरला अर्धा ग्रॅम झालं. दुसऱ्या ग्लासात पाऊण मिली. चव घ्या, आवडेल ते वीस लिटरला गुणा. मीठ आयोडीन नसलेलं.

केगवाला

कोकमाची आयडिया चोरणार आहे.

बाटल्यांचं लिहितो, कारण उन्हाळ्यातले स्फोट इथेच होतात. लक्ष्य लिटरला ५ ग्रॅम सीओ२. २० °से. ला आंबलेल्या बिअरमध्ये १.७ ग्रॅम आधीच असतो, उरलेल्यासाठी लिटरला ६.५ ग्रॅम साखर. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३.३ ग्रॅम, म्हणजे इथल्या एका साखरेच्या क्यूबपेक्षा किंचित जास्त. बिअर ३५ ला आंबली असेल तर उरलेला गॅस कमी, लिटरला ७.२ घ्या. कॅल्क्युलेटरमध्ये भरायचं तापमान म्हणजे फर्मेंटेशनच्या शेवटी बिअरने गाठलेलं सर्वोच्च. बाटली भरतानाचं नव्हे.

ग्रॅव्हिटी काचेच्या हायड्रोमीटरवर, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा, तीच यायला हवी. एक पॉइंट उरला असेल तर लिटरला साधारण १ ग्रॅम जादा सीओ२. चार पॉइंट उरले तर गॅस दुपटीकडे जातो. एका बाटलीवर फ्लाशनमानोमीटर (बाटलीतला दाब मोजणारं मीटर) लावा: २० °से. ला दोन बारच्या जवळ स्थिरावला की झालं. तीनच्या पुढे गेला तर सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, आणि गार झाल्यावर हातमोजे घालून एकेकीचं झाकण सोडा.

हीच बाटली उन्हातल्या गाडीत ४० ला गेली की दाब दुप्पट होतो. म्हणून सहलीला नेताना कूलबॉक्स.

केग (बिअरचं दाबाचं पिंप) न्यायचा असेल तर:

५ लिटरचा छोटा केग, आदल्या रात्रीपासून २ °से. ला. तळाचा गाळ प्रवासात हलला की बिअर संध्याकाळपर्यंत गढूळ, म्हणून मोठ्या केगमधून स्वच्छ बिअर आधी यात बंद नळीने भरून घ्या. गॅस ४ °से. ला ०.८ बार. बिअर १२ ला गेली तर तेवढाच गॅस धरून ठेवायला १.३ बार लागतो, आणि मग आखूड नळीतून नुसता फेस. ४.७ मिमी आतल्या व्यासाची नळी ३ मीटर घ्या. गुंडाळून केगच्या कूलबॉक्समध्येच ठेवा, कारण पहिल्या ग्लासाचा फेस बहुतेक वेळा गरम नळीमुळे असतो.

पोचल्यावर निदान तासभर हलवू नका.

खटपट्या (धागाकर्ता)

केगवालेदादा, २ किलोचा सीओ२ सिलिंडर गाडीतून न्यावा का?

केगवाला

५ लिटरला गरज नाही, सीओ२ ची १६ ग्रॅमची, आटे असलेली दोन काडतुसं पुरतात. एक लावलेलं, एक राखीव. लावताना झटकन पिळा; हळू पिळलं तर अर्धा गॅस हवेत. उन्हात ठेवू नका.

सिलिंडर न्यायचाच असेल तर रेग्युलेटर काढून, झडपेवर टोपी लावून, बांधून, खिडकी उघडी ठेवून. २० °से. ला आत ५७ बार असतात. गाडी तापली की दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षा चकती फुटली तर दोन किलो सीओ२ बंद गाडीत सुटतो. पोचल्यावर आधी तो बाहेर काढा. वापरताना उभाच ठेवा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आमसूल

१६ ग्रॅमचीच काडतुसं मागवा. ८ ग्रॅमची क्रीमवाली दिसायला तशीच असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो आणि आटेही नसतात. दुकानाच्या पानावर "सीओ२" आणि "३/८ इंच आटे" दोन्ही लिहिलेलं बघूनच घ्या.